एकाच गावात शांत किनारा आणि सव्वीस मीटरची लाट, हे कसं काय?

तो व्हिडिओ परत एकदा फिरत आलाय. लाल डोक्याचं छोटंसं दीपगृह, त्याच्या कठड्याला टेकलेली मुंगीएवढी माणसं, आणि मागे दहा मजली इमारतीला खुजं ठरवेल अशी वाटणारी पाण्याची भिंत. खाली लिहिलंय 'पोर्तुगालमध्ये त्सुनामी आली'. त्सुनामी वगैरे काही नाही ती. ते नाझारे आहे, पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं गाव, आणि अशा लाटा तिथे जवळजवळ दर हिवाळ्यात येतात, लोक त्या बघायला मुद्दाम खोल्या बुक करून जातात.

पण मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त भारी वाटते ती त्यात न दिसणारी गोष्ट. दीपगृह ज्या कड्याच्या टोकावर आहे त्याच्या उत्तरेला प्राया दो नोर्ते, म्हणजे 'उत्तरेचा किनारा', जिथे या लाटा फुटतात. आणि त्याच कड्याच्या दक्षिणेला गावाचा मुख्य किनारा, वाळूचा छान अर्धगोल, मागे हॉटेलं, गेस्ट हाऊसं, भाड्याचे फ्लॅट एका ओळीत. वादळी दिवशी तिथेही समुद्र खवळतो, नाही असं नाही, पण उत्तरेशी तुलनाच होत नाही. मध्ये फक्त एक कडा. समुद्र तोच, वारा तोच, वादळ तेच, मग एवढा फरक कसा? आणि किनाऱ्यावरची वस्ती नेमकी शांत बाजूलाच कशी वसली? याचं उत्तर ज्या एका गोष्टीत आहे ना, ती कळली की जगातल्या कुठल्याही समुद्रकाठच्या गावाचा नकाशा वेगळाच दिसायला लागतो. तिचं नाव अपवर्तन. हो, तेच, शाळेत काचेच्या ठोकळ्यातून वाकडा जाणारा प्रकाशकिरण काढला होता ते. पाण्याच्या लाटाही अगदी तशाच वळतात.

आधी एक साधी गोष्ट. लाट म्हणजे पाणी पुढे येणं असं आपल्याला वाटतं, पण खोल समुद्रात पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. हे गोल फिरणं साधारण अर्ध्या तरंगलांबीइतक्या (तरंगलांबी म्हणजे दोन माथ्यांमधली लांबी) खोलीपर्यंत पोचतं, त्याखाली पाण्याला वर लाट चाललीये याचा पत्ताही नसतो. आता नाझारेला हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळांतून येणारी लाट घ्या, दोन माथ्यांमध्ये 16 सेकंदांचं अंतर असलेली. अशा लाटेची खोल समुद्रातली तरंगलांबी साधारण 400 मीटर आणि वेग ताशी 90 किलोमीटर. म्हणजे तळ 200 मीटरवर आला की लाटेचे पाय जमिनीला लागायला सुरुवात होते आणि ती हळू होते. तळ 30 मीटरवर आला की वेग ताशी 60 च्या आसपास, आणि अडीच मीटर पाण्यात जेमतेम 18. आवर्तकाल, म्हणजे दोन माथ्यांमधला वेळ, मात्र 16 सेकंदच राहतो, मागच्या लाटा तेवढ्याच अंतराने येत राहतात, त्यामुळे पुढच्या हळू झाल्या की त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि ऊर्जा थोड्या जागेत कोंबली गेल्यामुळे उंच होतात.

आता खरी मजा. लाट किनाऱ्याला तिरकी येत असेल तर तिचं एक टोक आधी उथळ पाण्यात शिरतं आणि हळू होतं, दुसरं टोक अजून खोल पाण्यात जोरात असतं. दोन चाकांची ट्रॉली बॅग हॉटेलच्या गेटपासून ढकलत नेताना तिचं एक चाक फरशीवरून वाळूत उतरलं की काय होतं आठवा, बॅग आपोआप वाळूच्या बाजूला वळते, कितीही सरळ धरा. कारण एक चाक अडकलं, दुसरं धावतंय. लाटेचंही तेच, ती नेहमी उथळ बाजूकडे वळते. म्हणूनच वारा कुठूनही असो, कुठल्याही किनाऱ्यावर उभे राहा, लाटा जवळजवळ समोरूनच येताना दिसतात. याचं गणितही सरळ आहे, कोनाचा साइन भागिले वेग हे गुणोत्तर कायम राहतं (तळाचे उतार किनाऱ्याला समांतर असतील तर), तेव्हा ताशी 90 ला 45 अंशांनी तिरकी येणारी लाट ताशी 18 वर आली की साइन पाचपट कमी, 0.707 चा 0.141, म्हणजे कोन फक्त 8 अंश. पंचेचाळीसचे आठ! बाल्कनीतून बघणाऱ्याला वाटतं समुद्र आपल्याकडेच तोंड करून आहे.

आता सपाट तळाच्या जागी वाकडातिकडा तळ घ्या. किनाऱ्याचं एखादं टोक समुद्रात घुसलेलं असतं, भूशिर, त्याच्यापुढे पाणी उथळ असतं, आणि दोन भूशिरांच्या मध्ये आत वळलेला भाग असतो तिथे त्याच रेषेवर पाणी जास्त खोल. लाटेचा जो भाग भूशिरासमोर आला तो आधी हळू होतो, बाजूचे भाग पुढे निघून जातात आणि मग आत वळून दोन्हीकडून भूशिराला मिठी मारतात. खोल समुद्रात लाटेच्या माथ्याचे मनातल्या मनात शंभर-शंभर मीटरचे तुकडे करा, प्रत्येकात ऊर्जा सारखी. भूशिरापाशी पोचेपर्यंत शंभर मीटरचा तुकडा आकसून समजा 25 मीटरचा झाला, तर तीच ऊर्जा चौथ्या भागात मावायला हवी, आणि ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे लाट दुप्पट उंच होते. उलट आतल्या भागात तोच तुकडा ताणून 400 मीटरचा झाला तर लाट निम्मी. इथे तळाचं घर्षण, लाटा फुटणं हे सगळं सोडून दिलंय, खरा हिशोब करायला त्या प्रत्येक तुकड्याचा मार्ग काढावा लागतो, पण गाभा हाच. टोकावर मार, खोबणीत विसावा. भूशिराची झिजलेली माती-दगड लाटांबरोबर सरकत जाऊन जिथे जोर कमी तिथे बसतात, म्हणून पुळण आतल्या भागात तयार होते. होड्या ओढायला जागा तिथे, म्हणून आधी वस्ती तिथे, आणि मग हॉटेलंही तिथेच.

नाझारेत यात अजून एक गोष्ट भरीला आहे, समुद्राखालची दरी. 200 किलोमीटरहून लांब, सगळ्यात खोल भागात सुमारे 5 किलोमीटर, आणि तिचं तोंड थेट गावाच्या किनाऱ्याला, कड्याच्या पायथ्याशी येऊन भिडतं. दरीवरून येणाऱ्या लाटेला तळ लागतच नाही, ती ताशी 88-90 नेच येत राहते, आणि उत्तरेकडच्या उथळ पठारावरची लाट 60 वर आलेली असते. मग दरीवरचा भाग पुढे निघतो आणि, ट्रॉली बॅगसारखाच, उथळ बाजूकडे म्हणजे उत्तरेला वळतो. तिथे त्याची पठारावरून सरळ आलेल्या लाटेशी गाठ पडते, माथ्यावर माथा चढतो. त्यात किनाऱ्यावरून परत फिरणाऱ्या पाण्याचा प्रवाह समोरून आला की लाट अजून उभी राहते. आणि दरीच्या टोकाशी, गावासमोर? तिथली ऊर्जा वळून निघून गेलेली असते! एकाच दरीने एका बाजूची लाट मोठी केली आणि दुसऱ्या बाजूची लहान. कॅलिफोर्नियात ला होयाला असंच आहे, पाण्याखालच्या दऱ्यांमुळे थोड्याच अंतरावर लाटांच्या उंचीत भलताच फरक पडतो, आणि 1947 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांचे सहकारी ट्रेलर यांनी ते अपवर्तनाने समजावून दाखवलं. हे तेच मंक, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धात समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांच्याबरोबर सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत काढली.

उंचीबद्दल मात्र बातम्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. '100 फुटी लाट' हे शीर्षक दरवर्षी कुठेतरी असतंच. गिनेसने मान्य केलेली, जर्मन सर्फर सेबास्टियन श्टॉइटनरने 29 ऑक्टोबर 2020 ला सर्फ केलेली लाट 26.21 मीटरची, म्हणजे 86 फूट. ती काय कमी आहे का? लांबच्या टेलिफोटो लेन्सने काढलेल्या फोटोत मागची लाट दीपगृहाच्या अंगावर आल्यासारखी दिसते, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि 'दर सातवी लाट मोठी' हे तर किनाऱ्यावर कोणीतरी सांगतंच. सातचं त्यात काही नाही. समुद्रात एका वेळी वेगवेगळ्या आवर्तकालाच्या लाटा असतात, त्या कधी जुळतात कधी कापतात, म्हणून मोठ्या लाटांचे घोळके येतात. 14 आणि 16 सेकंदांच्या दोन लाटमाळा मिसळल्या तर दर 112 सेकंदांनी जोर येतो, म्हणजे सात-आठ लाटांनी, आणि बघणारा म्हणतो बघा, सातवी! पण 15 आणि 16 सेकंदांच्या असतील तर तोच जोर 240 सेकंदांनी येतो, पंधरा-सोळा लाटांनी. सात मोजून पाण्यात उतरणारा माणूस जीव धोक्यात घालतो, म्हणून ही समजूत निरुपद्रवी नाही हे स्पष्ट सांगतो. शांत दिसणाऱ्या पुळणीवरही परतीचा ओढा असू शकतो. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तर तो पट्टा पोहायला चांगला वाटतो, पण बहुतेकदा तिथूनच पाणी बाहेर जात असतं. अडकलात तर त्याच्याशी झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा.

फिरायला जाताना लोक फोटो काढतात त्या दगडी कमानी आणि समुद्रात एकटे उभे राहिलेले खांब हेही याच मिठीचं काम. लाटा भूशिराला दोन्ही बाजूंनी मारतात, भेगांमध्ये हवा दाबली जाते, दगड फुटतो, दोन्हीकडे गुहा होतात, त्या आरपार जुळल्या की कमान, छत कोसळलं की खांब. मार किती बसतो? इंजिनिअर थॉमस स्टीव्हनसन यांनी 1840 च्या दशकात स्कॉटलंडच्या स्केरीव्होरला स्प्रिंगचं यंत्र लावून मोजलं होतं, सर्वात मोठा धक्का चौरस मीटरला जवळजवळ 30 टन भरला.

म्हणून या कमानी टिकाऊ समजू नका. ऑस्ट्रेलियात 'लंडन ब्रिज' नावाची दोन कमानींची वाट होती, 15 जानेवारी 1990 ला किनाऱ्याकडची कमान पडली आणि पलीकडच्या टोकावर दोन पर्यटक अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. माल्टाची 'अझूर विंडो' 8 मार्च 2017 च्या वादळात खांबासकट गेली. गालापागोसची डार्विनची कमान 17 मे 2021 ला कोसळली, आता दोन खांब उरलेत. स्कॉटलंडचा 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' 137 मीटर उंच, कोणालाही वाटेल युगानुयुगं उभा असेल, पण अठराव्या शतकाच्या मध्याच्या नकाशात तिथे खांब नाही, नुसतं भूशिर आहे, आणि 1817 च्या आसपासच्या चित्रात त्याच्या पायाशी कमान दिसते. अडीचशे वर्षांतला तो! कमानीखाली सावली बघून डबा उघडून बसणारे दिसतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते, कारण ती सावली देणारं छत कधी पडेल ते कोणी सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी समुद्रकाठी खोली घेताना आधी उपग्रहाचा नकाशा उघडा, भूशिर कुठे आणि आतला भाग कुठे ते बघा, लाटांच्या पांढऱ्या रेषा वळताना चक्क दिसतात. आणि खोली वरच्या मजल्यावर मिळाली तर बाल्कनीत उभं राहून लांबवरच्या एखाद्या खडकावर नजर ठेवा, एक माथा तिथून गेला की तो पहिला धरून मोजायला लागा, अकरावा माथा येईपर्यंतचे सेकंद भागिले दहा. आलेल्या आकड्याचा वर्ग करून 1.56 ने गुणा. 10 सेकंद आले तर 156 मीटर, ही त्या लाटेची खोल समुद्रातली लांबी, आणि तिच्या निम्मे, 78 मीटर, एवढ्या खोलीवर तिचे पाय तळाला लागायला सुरुवात झाली होती. तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या बरंच पलीकडे, तिथेच तिचं वळणं सुरू झालं होतं.