हायस्कूलमधून थेट मेडिकल? बीएस/एमडीचा अर्ज भरण्याआधी वाचा

सप्टेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या छोट्या प्रवेश-सल्ला कार्यालयात एक एक्सेलची फाइल हमखास येते. बाबांनी रात्री जागून केलेली. रंगीत रकाने, सोळा-सतरा कॉलेजांची नावं आणि शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘गॅरंटीड’. बाबा समजावून सांगत असतात, आई मधूनमधून दुरुस्ती करत असते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो बारावीतला मुलगा हुडीच्या दोऱ्या ओढत बसलेला असतो. हे पत्रक त्या शेवटच्या रकान्याबद्दल आहे.

घाई कुठून येते हे आम्हाला ठाऊक आहे. पुण्या-नागपूरहून आजी-आजोबा फोनवर विचारतात, ‘अजून मेडिकलला लागला नाही का?’ तिकडचा हिशेब सरळ आहे: बारावी, नीट, साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि नावापुढे एमबीबीएस. इथे अमेरिकेत आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, त्यात प्रीमेडचे (मेडिकलच्या तयारीचे) विषय, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग अर्ज, मग चार वर्षं मेडिकल आणि त्यानंतर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. बीएस/एमडी (कुठे बीए/एमडी; इथे एमडी ही डॉक्टरकीची मूळ पदवी) म्हणजे यातली पदवी आणि मेडिकल या दोन्ही जागा सतराव्या वर्षीच, एका दमात मागायच्या. तिकडच्या पद्धतीच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच वाट, म्हणून आपल्या लोकांना ती चटकन पटते.

पण हे सगळे कार्यक्रम एका माळेचे मणी नाहीत. ब्राऊन विद्यापीठाचा कार्यक्रम पूर्ण आठ वर्षांचा आहे. तिथे एक वर्षही वाचत नाही, मात्र एमकॅट द्यावी लागत नाही आणि पदवीच्या काळात संगीत शिका की संस्कृत, कोणी अडवत नाही. मिसूरीत कॅन्सस सिटीला १९७१पासून सहा वर्षांचा कार्यक्रम चालतो. तिथे मूल पहिल्या वर्षापासून रुग्णांच्या आसपास असतं, पण उन्हाळ्याची सुट्टी फारशी उरत नाही. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या क्यूनी मेडिकल स्कूलचा कार्यक्रम सात वर्षांचा. डॉक्टरांची वानवा असलेल्या वस्त्यांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेचे डॉक्टर घडवणं हा त्याचा उघड हेतू आहे. कार्डिओलॉजीची स्वप्नं रंगवणारा निबंध तिथे पाठवला तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की मुलाने संकेतस्थळ उघडलेलंसुद्धा नाही. आपल्या न्यू जर्सीत एनजेआयटी आणि द कॉलेज ऑफ न्यू जर्सी यांचे न्यूअर्कच्या मेडिकल स्कूलशी करार आहेत.

यादी करताना जुन्या नावांवर विसंबू नका. चुलतभावाने दहा वर्षांपूर्वी दिलेल्या यादीत नॉर्थवेस्टर्न असतंच. १९६१मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम आता नवे विद्यार्थी घेत नाही. करार बदलतात, बंद होतात. त्या-त्या वर्षाचं पान स्वतः उघडून बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे.

जागा किती, शक्यता किती?

एकेका कार्यक्रमात जागा दहा-वीस, फार तर काही डझन. अर्ज देशभरातून येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या फाइलमध्ये पंधराशेच्या वरची एसएटी (कॉलेजची प्रवेश परीक्षा), दहा-बारा एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि वर्गातला वरचा नंबर असतो. म्हणजे गुणांनी तुम्ही दारापर्यंत पोचता. दार गुणांनी उघडत नाही. नावाजलेल्या ठिकाणी शंभर अर्जांमागे निवडली जाणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

आता नेहमीची वाट बघा. २०२३-२४मध्ये देशातल्या एमडी कॉलेजांसाठी सुमारे ५२,६०० जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३,००० जणांना प्रवेश मिळाला. शंभरातले त्रेचाळीस-चव्वेचाळीस. हा आकडा ऐकून पालक खुर्चीत जरा सैलावतात, म्हणून लगेच सांगतो: हे शंभर जण अर्जापर्यंत टिकलेले असतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीने ज्यांना आधीच बाजूला काढलं ते यात धरलेले नाहीत. तरीही आमचं मत ठाम आहे. अर्जांच्या यादीचा कणा नेहमीच्या चार वर्षांच्या कॉलेजांचा असावा, जिथे प्रीमेडचं मार्गदर्शन चांगलं आहे आणि खर्च झेपणारा आहे. बीएस/एमडी चार-सहा, तेही निवडून. सतरा म्हणजे सतरा वेगळे निबंध, आणि पंधराव्या निबंधात मुलाचा जीव उरत नाही, हे वाचणाऱ्याला दिसतं.

‘गॅरंटीड’च्या खालची बारीक अक्षरं

जागा राखलेली असते, दिलेली नसते. दरवर्षी ठरावीक जीपीए (सरासरी गुणांक) टिकवावा लागतो. काही ठिकाणी एमकॅट लागते, तीही किमान गुणांसह. एखादा विषय घसरला तर जागा जाऊ शकते. आणि कित्येक कार्यक्रमांत मुलाने दुसऱ्या मेडिकल कॉलेजला अर्ज केला की राखीव जागेवर पाणी सोडावं लागतं. हे कलम पालक वाचत नाहीत, किंवा वाचून ‘कशाला करेल तो दुसरीकडे अर्ज’ म्हणून पुढे जातात.

करावासा वाटू शकतो. न्यूयॉर्कच्या एनवाययू मेडिकल स्कूलने २०१८मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांची ट्यूशन फी माफ केली. ब्राँक्सच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजला २०२४मध्ये एक अब्ज डॉलरची देणगी मिळाली आणि तिथली फीसुद्धा गेली. सतराव्या वर्षी घेतलेल्या सुरक्षिततेची किंमत एकविसाव्या वर्षी अशी समोर येते.

कर्जाचंही गणित बदललं आहे. खासगी मेडिकल कॉलेजच्या चार वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासकट तीन लाख डॉलरच्या वर सहज जातो. नव्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळणार नाही, आणि मेडिकलसाठीच्या उरलेल्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आहे. वरची तफावत घरातून किंवा खासगी कर्जातून भरावी लागेल. बीएस/एमडी घेणाऱ्याने हा हिशेब आजच मांडायला हवा, कारण मेडिकल कॉलेज कुठलं आणि त्याची फी साधारण किती हे त्याला आजच माहीत असतं.

एच-४वर असलेल्या घरांसाठी

हा भाग सावकाश वाचा. आमच्याकडे येणाऱ्या घरांपैकी बऱ्याच जणांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत आहे. मूल तिसरीत असताना आलं, न्यू जर्सीतच वाढलं, मराठी बोलताना मध्येच इंग्रजीवर घसरतं. पण कागदावर ते एच-४ आहे, म्हणजे आई किंवा बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आणि एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. अठराव्या वर्षी आठ वर्षांच्या कार्यक्रमात शिरलेल्या मुलाचा तो वाढदिवस कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या आसपास येतो. मेडिकल सुरू व्हायचं असतं त्याआधीच.

मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. बरीच मेडिकल कॉलेजं, विशेषतः राज्य सरकारांची, फक्त नागरिकांना किंवा ग्रीन कार्डधारकांना प्रवेश देतात. अनेक बीएस/एमडी कार्यक्रमांची अटही तीच. जिथे एफ-१ चालतो तिथे काही कॉलेजं पुढच्या वर्षांची फी आधीच खात्यात दाखवायला सांगतात, आणि सरकारी कर्ज तर या मुलांना मिळतच नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो एसएटीचा नव्हे, व्हिसाचा. प्रवेश कार्यालयाला दोन वेगळ्या ईमेल करा: एक कॉलेजला, एक मेडिकल स्कूलला. उत्तरं कधीकधी जुळत नाहीत! लेखी उत्तर जपून ठेवा. वयाच्या मोजणीत काही सवलत लागू होते का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. तो सल्ला आम्ही देत नाही.

फाइलमध्ये काय असावं?

शॅडोइंगचे, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघण्याचे, तास सगळेच आणतात. ओळखीच्या डॉक्टरकाकांकडे चाळीस तास उभं राहणं वाईट नाही, पण त्यावर ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती’ असा निबंध लिहिला की तो इतर हजारांत मिसळून जातो.

एका मुलीचं उदाहरण तिच्या परवानगीने सांगतो. ती आजीला डायलिसिसला घेऊन जायची. आजी खुर्चीतून म्हणाली, ‘पायात गोळे आलेत गं.’ नातीने नर्सला सांगितलं, ‘शी हॅज बॉल्स इन हर लेग्ज.’ नर्स दचकली आणि गाठी शोधत पोटऱ्या चाचपू लागली. आजीने शेवटी तोंड वेडंवाकडं करून, पाय ताणून दाखवला तेव्हा उलगडा झाला, आणि नर्सने मशीनवर पाणी काढण्याचा वेग कमी केला. त्या दिवसापासून मुलीने एक वही केली: गोळा, कळ, चमक, ठणका, मुंग्या, भोवळ. प्रत्येकापुढे आजीला विचारून नेमकं काय होतं ते इंग्रजीत. पुढे तिथल्या एका गुजराती आजोबांसाठीही तिने तशीच यादी केली. निबंध म्हणजे ती वही होती. त्यात ‘सेवा’ हा शब्द एकदाही नव्हता.

तिला दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. बीएस/एमडी कुठेच मिळालं नाही. ती आता राज्याच्या विद्यापीठात प्रीमेड करते आहे, आणि ती वही मेडिकलच्या अर्जातही तितकीच कामाची आहे.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: डॉक्टरच का, नर्स किंवा संशोधक का नाही? याचं उत्तर घरी पाठ करून घेऊ नका. ‘अजून नक्की नाही’ असं मुलाचं खरं उत्तर असेल तर ते मुलाखतीत नाही, जेवणाच्या टेबलावर आधी ऐका, आणि बीएस/एमडीचे अर्ज कमी करा.

जाता जाता डीओबद्दल, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या पदवीबद्दल. डीओ म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. डीओ हे पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतात, औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, आणि २०२०पासून एमडी-डीओ दोघांची रेसिडेन्सी एकाच मॅचमधून (रेसिडेन्सीच्या जागावाटपातून) ठरते. पदवी आणि डीओ असे जोडकार्यक्रमही आहेत. यादीत त्यांना जागा द्या.

आमच्याकडे येताना

आम्ही निबंध लिहून देत नाही आणि प्रवेशाची हमी देत नाही. हमी देणारं कोणी भेटलं तर फी देण्याआधी ती हमी लेखी मागून बघा. आम्ही यादी तपासतो, अटींची बारीक अक्षरं तुमच्याबरोबर वाचतो आणि मुलाखतीचा सराव घेतो, मराठी मिसळलेल्या इंग्रजीत नव्हे, तर ज्या इंग्रजीत मुलाखत होणार त्यात.

बहुतेक मुदती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, मुलाखती साधारण जानेवारी ते मार्च, आणि अंतिम होकार १ मेपर्यंत. म्हणून ज्युनियर वर्षाच्या (अकरावीच्या) वसंतात आलात तर बरं. सीनियर वर्षाच्या (बारावीच्या) ऑक्टोबरात आलात तर यादी छोटी ठेवावी लागेल. येताना ट्रान्सक्रिप्ट, एसएटी किंवा एसीटीचे गुण, मुलाने केलेल्या कामांची त्याच्याच शब्दांतली यादी आणि सगळ्यांच्या व्हिसाच्या प्रती आणा. पहिली वीस मिनिटं आम्ही मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलतो. तेवढ्या वेळात खालच्या मजल्यावर चहा बरा मिळतो.