‘वाया जाणारं पाणी’: कणकुंबी ते मांडवीची खाडी

बेळगावच्या मासळी बाजारात तिसऱ्या आल्या की गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, ‘गोव्याच्या ना?’ तिसऱ्या ना धड समुद्रात वाढतात, ना धड नदीत. खाऱ्या आणि गोड्या पाण्याची गाठ पडते त्या खाडीच्या चिखलात त्या वाढतात. त्यातलं खारं पाणी अरबी समुद्राचं. गोड्या पाण्यातला मोठा वाटा म्हादईचा, आणि म्हादईचा उगम आपल्या खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात. गोव्यातली खाडी वाचवण्याच्या प्रश्नात बेळगाव जिल्ह्याचं नाव पुन्हा पुन्हा का येतं, त्याचं उत्तर इथेच आहे.

कन्नड वृत्तपत्रं ‘महदायी’ लिहितात, खानापुरात ‘म्हादई’ म्हणतात आणि पणजीला पोचेपर्यंत तिची ‘मांडवी’ झालेली असते. तिचं खोरं 2,032 चौरस किलोमीटरचं. त्यातलं 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात आणि 77 महाराष्ट्रात. कणकुंबीचं पठार हा या सगळ्याचा पाणलोटाचा कणा. माउलीच्या देवळाशेजारी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते, सौंदत्तीवरून कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावातला कळसा नाला पश्चिमेला उतरतो आणि म्हादईत जातो. चार पावलांच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांना दोन वेगळे समुद्र मिळतात. म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायचं की नाही, हे कर्नाटक आणि गोवा या दोन राज्यांतलं भांडण नेमकं या चार पावलांवरून चाललं आहे.

खाडी आणि घाटमाथा यांचं नातं जुनं आहे. गोव्याच्या कदंबांच्या राजधान्यांत खाडीकाठचं गोपकपट्टण होतं, तशी खानापुरातली हलशीही होती. पुढे कित्येक शतकं बैलांच्या तांड्यांवरून मीठ वर यायचं आणि तांदूळ खाली जायचा. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्या 1878 च्या तहाने गोव्यातल्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं. मग लोंढा, कॅसलरॉकमार्गे मुरगावची रेल्वे झाली आणि घाटवाटांचं महत्त्व ओसरलं. त्या काळात नदीच्या पाण्यावर वरच्यांचा हक्क की खालच्यांचा, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, कारण वरचं पाणी अडवायची ताकदच कोणाजवळ नव्हती.

खालच्या लोकांनी मात्र खाडीशी जगण्याची एक अफाट व्यवस्था उभी केली होती. ती आपल्याकडे फारशी माहीत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथल्या सखल जमिनीभोवती चिखलमातीचे बांध घालून शेती करायची, याला खाजन म्हणतात. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन सांगितली जाते. बांधात ‘मानस’ नावाची झडप असते: दगडी चौकट आणि तिच्यात लाकडी फळ्यांची दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की दारं आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं आणि ती आपोआप उघडतात. यंत्र नाही, वीज नाही. आत पावसाळ्यात खारं सोसणारं भात, उन्हाळ्यात मासळी नाहीतर मीठ. ही व्यवस्था एका गोष्टीवर टिकून आहे. दर पावसाळ्यात वरून इतकं गोडं पाणी आलं पाहिजे की वर्षभराचा खारेपणा धुऊन निघेल. गावकीने बांध कितीही राखला, तरी हे धुणं गावकीच्या हातात नसतं. ते घाटावरून येतं.

या संपूर्ण वादात ज्याने सगळ्यात जास्त घोळ घातला तो शब्द म्हणजे ‘वाया’. म्हादईचं पाणी समुद्रात वाया जातं, म्हणून ते वळवलं पाहिजे. गेली तीसेक वर्षं हे वाक्य आपण इतकं ऐकलं आहे की ते मत आहे हेच विसरून गेलो. सभांमध्ये, विधानसभेत, शाळेच्या निबंधांत ते एखाद्या मोजमापासारखं येतं. नवलगुंद, नरगुंदच्या शेतकऱ्याच्या तोंडी ते आलं तर मी त्याला दोष देणार नाही. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थच्या धरणाने त्याला पाण्याची आशा दाखवली, आणि ते धरण भरल्याची वर्षं बोटांवर मोजण्यासारखी. त्याची तहान खरी आहे. पण तहान खरी आहे म्हणून शब्दही खरा ठरत नाही.

‘वाया’ हा शब्द हिशेबातला आहे. जिथे पाटबंधाऱ्याची वही संपते, तिथून पुढचं पाणी त्या वहीत वाया. खाडीची वही तिथूनच सुरू होते. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेच्या परिसरापर्यंत जाणवतो. पावसाळ्यात नदी इतकी फुगते की खाडीतलं पाणी जवळजवळ गोडं होतं. पाऊस थांबला की खारं पाणी इंचाइंचाने वर सरकू लागतं आणि एप्रिल, मे महिन्यांत ते सगळ्यात आत पोचलेलं असतं. त्या काळात त्याला थोपवतं ते फक्त झऱ्यांचं पाणी. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानातल्या मातीने चार महिने पिऊन ठेवलेलं आणि आठ महिने थेंबाथेंबाने सोडलेलं पाणी. फोंड्याला आणि पणजीच्या बाजूला नळाने जाणारं पाणी खांडेपार नदीवर ओपा इथे उचललं जातं. ही खांडेपार म्हणजे मांडवीचीच उपनदी. मे महिन्यात भरती आणि झरे यांच्या रस्सीखेचीत कोण जिंकतं, हा तिकडे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. कोळंबी, शेवटे, खेकडे खाडीत वाढतात तेही याच गोड्या-खाऱ्या चढउतारावर. यातलं कुठलं पाणी वाया गेलं?

आता कागदावरचा इतिहास. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची कळसा-भांडुराची योजना 1980 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. 30 एप्रिल 2002 ला केंद्रीय जलसंपदा खात्याने 7.56 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला तत्त्वतः मान्यता दिली आणि गोव्याच्या हरकतीनंतर त्याच वर्षी सप्टेंबरात ती स्थगित ठेवली. मंजुरी अशी अधांतरी असतानाच 2006 मध्ये कणकुंबीत खोदाई सुरू झाली. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच. भांडण पाण्याच्या वाट्याचं होतं आणि निकाल लागायच्या आधी डोंगराचा कणा फोडला गेला. गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला, नोव्हेंबर 2010 मध्ये लवाद नेमला गेला आणि 2014 मध्ये त्या लवादाने जोडकालवे बुजवायला सांगितलं. बुजवण्याचं काम झालं, पण डोंगराची शीर कापल्यावर वरून माती लोटली म्हणजे शीर जुळते असं नाही. गावात जुन्या माणसांशी बोललं की ती विहिरींची गोष्ट काढतात. खोदाईच्या आधी कोणत्या विहिरीला पाणी कुठवर असायचं आणि नंतर कुठवर, हे ते हाताने भिंतीवर दाखवतात.

लवादाने 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा दिला. भरवशाच्या वर्षात खोऱ्यात 188.06 टीएमसी पाणी असतं असं धरून कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी मिळालं. कर्नाटकाने 36.55 मागितलं होतं. मिळालेल्या 13.42 पैकी 8.02 वीजनिर्मितीसाठी, म्हणजे वापरून परत नदीत सोडायचं. खोऱ्यातच वापरायला 1.5. मलप्रभेकडे वळवायला 3.9 टीएमसी: कळशातून 1.72 आणि भांडुऱ्यातून 2.18, तेही पावसाळ्याच्या महिन्यांतच.

इथे दुसरी बाजू म्हणते, 188 पैकी 3.9 म्हणजे दोन टक्के, त्याने खाडीचं काय बिघडतं? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि पावसाळी अट ही त्यातली खरोखर महत्त्वाची गोष्ट आहे. पण दोन टक्के हा संपूर्ण खोऱ्याचा आणि संपूर्ण वर्षाचा आकडा आहे. त्यातलं बहुतेक पाणी खाली गोव्यात, चार महिन्यांत कोसळतं. कळसा ज्या दरीत उतरतो त्या दरीला दोन टक्क्यांचा हिशेब लागू पडत नाही. तिच्यापुरता तो नाला म्हणजे सगळी नदी. शिवाय पाणी फक्त पावसाळ्यात वळवलं, तरी त्यासाठी पडलेले चर, बंधारे आणि तोडलेलं रान बारा महिने तिथेच राहतं, आणि उन्हाळ्याचे झरे त्याच रानाच्या पोटात आहेत.

एक शब्द अजून: ‘पिण्याचं पाणी’. ऑक्टोबर 2019 मध्ये योजना पिण्याच्या पाण्याची आहे म्हणून तिला पर्यावरण मंजुरीची गरज नाही, असं केंद्राने कळवलं. आंदोलनं सिंचनाच्या आशेवर उभी राहिली, आणि परवानग्या पिण्याच्या नावावर मागितल्या गेल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये निवाडा राजपत्रात आला, डिसेंबर 2022 मध्ये सुधारित आराखड्याला तांत्रिक मान्यता मिळाली, आणि 2023 च्या सुरुवातीला गोव्याच्या वन्यजीव खात्याने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कर्नाटकाला नोटीस काढली. त्याच वर्षी निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने प्राधिकरणही नेमलं.

या सगळ्यात खानापूरचा माणूस कुठे होता? फार थोड्या वेळा, आणि दर वेळी अडचणीत. इथला मराठी माणूस योजनेविरुद्ध बोलला की त्याला सीमावादाच्या चष्म्यातून बघितलं जातं, जणू तो झऱ्यांबद्दल नाही, नकाशाबद्दल बोलतो आहे. आणि योजनेच्या बाजूने बोलला तर आपल्याच गावची विहीर आटताना बघायची. ज्या तालुक्यात नदी जन्मते त्याच तालुक्याला नदीबद्दल मत विचारलं गेलं नाही, ही खंत मला लपवायची नाही.

खाडी वाचवण्याचं काम मात्र या तालुक्यात झालं आहे, त्याला ते नाव कधी मिळालं नाही इतकंच. डिसेंबर 2011 मध्ये भीमगडचं सुमारे 190 चौरस किलोमीटर रान अभयारण्य झालं. बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांमुळे ते गाजलं, पण त्याचं खरं काम पाणी धरून ठेवण्याचं आहे. सीमेपलीकडे गोव्याचं म्हादई अभयारण्य 1999 पासून आहे, आणि त्याही खाली, खाडीत चोडण बेटावर 1988 पासून खारफुटीचं पक्षी अभयारण्य. उगम, मधला घाट, खाडी. नकाशावर ही तीन रानं एका ओळीत येतात, फक्त ती एका हाताखाली नाहीत. अभयारण्याची किंमत गवाळी, पास्टोली, तळेवाडी, आमगाव अशा गावांनी मोजली: रस्ता नाही, पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावर आणायचं, आणि आता पुनर्वसन. खाडीतल्या तिसऱ्यांचा हिशेब मांडताना या खांद्यांचा हिशेबही मांडला पाहिजे.

पाण्याच्या शुद्धतेची बाजू दोन्हीकडे लंगडी आहे. मांडवीने खाणींचा गाळ आणि बार्जची वर्दळ अनेक वर्षं सोसली. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कुठे तिला उसंत मिळाली. देशभरातल्या प्रदूषित नदीटप्प्यांच्या 2018 च्या यादीत 351 टप्पे होते. त्यात गोव्यातले 11, मांडवी धरून. त्याच यादीत मलप्रभाही होती, खानापूरपासून खाली. म्हणजे ज्या नदीत म्हादईचं गोडं पाणी आणून ओतायचं, ती तालुक्याच्या गावातून बाहेर पडतानाच आपण मळवतो. बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून शेतांमधून पूर्वेला जातं, त्याचीही गत वेगळी नाही. बाहेरून पाणी आणायची योजना हजार कोटींच्या भाषेत बोलते. मलनिस्सारणाची वाहिनी मात्र वॉर्डाच्या सभेतच अडकून पडते.

सध्या योजना वन आणि वन्यजीव परवानग्यांत अडकलेली आहे. कणकुंबीत 2006 चा चर अजून दिसतो. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर तिथे उभं राहिलं की पाणी कुठे चाललं आहे ते उघड्या डोळ्यांनी कळतं. थोडं चरात तुंबून लाल होतं, बाकीचं कळशाच्या जुन्या वाटेने झाडीत शिरतं, चोर्ल्याच्या दरीकडे.