टेट की हेक्स: नॉझलच्या सांध्यावरचा जुना वाद

लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांसाठी प्रेशर व्हेसलचं (दाब सहन करणाऱ्या टाकीचं) डिझाइन तपासणाऱ्यांमध्ये एक वाद अजून मिटलेला नाही. नॉझल (पाइप जोडायचं तोंड) जिथे शेलला (टाकीच्या भिंतीला) मिळतो तिथे मेश (संगणकावर ताण काढण्यासाठी आकाराचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांची जाळी) टेटची (चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांची) घ्यायची की हेक्सची (विटेसारख्या सहा बाजूंच्या तुकड्यांची)? रिपोर्ट तपासणारे ज्येष्ठ आजही टेट दिसली की कपाळाला आठ्या घालतात.

विमानाच्या पंखांसाठी त्रिकोणी एलिमेंट १९५६ मध्ये मांडले गेले, ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव १९६० मध्ये रूढ होऊ लागलं. वक्र कडांचे एलिमेंटही त्याच दशकातले. आजच्या वादाचं मूळ मात्र त्या काळच्या संगणकांच्या महागड्या मेमरीत आहे: एलिमेंट कमीत कमी ठेवावे लागत. एका ठोकळ्याच्या जागेत किमान पाच टेट बसवावे लागतात, आणि चार नोडांच्या (नोड म्हणजे एलिमेंटवरचे हिशेबाचे बिंदू) टेटमध्ये स्ट्रेन (भाराने होणारं सापेक्ष विरूपण) सगळीकडे एकच. वाकणाऱ्या भिंतीत तो खोटा ताठपणा दाखवतो आणि ताण कमी येतो. रबरासारख्या जवळजवळ न दबणाऱ्या पदार्थात तर तो आणखी आखडतो. त्या काळी टेट टाळणं हा योग्यच निर्णय होता.

पुढे दहा नोडांचा (कडांच्या मधोमधही नोड असलेला) टेट वापरात आला आणि गणित बदललं. कोणत्याही आकारात आपोआप टेट भरणारे प्रोग्रॅम १९८० नंतर तयार होत गेले. कोणत्याही आकारात चांगले हेक्स आपोआप भरणारा प्रोग्रॅम आजही नाही. दहा नोडांच्या टेटला एक खरी खोड होती. पृष्ठभागावर सारखा दाब दिला की गणितानुसार कोपऱ्याच्या नोडांवर बल शून्य येतं, सगळं मधल्या नोडांवर जातं. त्यामुळे गॅस्केटसारख्या (सांध्यातली गळती थांबवणारी चकती) कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे दोन भाग एकमेकांना टेकतात तिथे, आकडे उड्या मारत. सुधारित टेट आणि पृष्ठभागावर आधारित कॉन्टॅक्ट आल्यावर ती अडचण बरीच ओसरली, आठ्या मात्र राहिल्या.

हेक्सचे दोष कुणी इतक्या तत्परतेने सांगत नाही. आठ नोडांचा हेक्स पूर्ण इंटिग्रेशनने (एलिमेंटच्या आत अनेक बिंदूंवर हिशेब करून) घेतला तर वाकताना आखडतो. इंटिग्रेशन कमी केलं तर अवरग्लासिंग (ताण न दाखवताच एलिमेंट वेडेवाकडे होणं) येतं, आणि भिंतीच्या जाडीत एकच थर असेल तर वाकण्याचा ताण जवळजवळ दिसतच नाही. केवळ सुबक दिसते म्हणून अशी मेश मंजूर होणं मला धोक्याचं वाटतं. खाऱ्या हवेने खड्डे पडून पातळ झालेल्या जुन्या शेलची जाडी मोजून मॉडेल करायचं असेल, तर दहा नोडांचे टेटच माझ्या मते सरळ मार्ग.

एलिमेंट कोणताही असो, बारीक कुठे करायचं हा प्रश्न त्याहून मोठा. सगळी मेश तिन्ही दिशांना निम्मी केली तर एलिमेंट आठपट होतात आणि सोडवायचा वेळ त्याहून कितीतरी वाढतो. म्हणून १९७० च्या दशकाअखेरपासून चूक अंदाजून फक्त तिथेच मेश बारीक करण्याच्या पद्धती आल्या.

हे न केल्याची किंमत समुद्रावर काम करणाऱ्यांना ठाऊक हवी. नॉर्वेतला स्लाइप्नर ए हा तेल-वायूचा काँक्रीट प्लॅटफॉर्म २३ ऑगस्ट १९९१ रोजी पाण्यात उतरवून तपासताना बुडाला. कक्षांच्या सांध्यातली मेश जाड होती आणि शिअरचा (कातरणारा) ताण सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला होता. सळ्यांची मांडणीही तिथे अपुरी होती. मुंबई हायच्या पोलादी जॅकेटची (प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याची) जात वेगळी, पण सांध्यातल्या मेशचा नियम तोच.

नॉझलच्या तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात मात्र मेश बारीक करत गेलात तर ताणाचा आकडा वाढतच जातो, कधी थांबत नाही. म्हणून दाबाच्या मजबुतीसाठी जाडीतून एक रेषा घेऊन मेंब्रेन (जाडीभर सारखा) आणि बेंडिंगचा (वाकण्याचा) ताण वेगळा काढतात. दोन मेशमध्ये हे आकडे जुळले की ती तपासणी पुरी होते. थकव्याचा (वारंवार बदलणाऱ्या भाराने तडे जाण्याचा) प्रश्न असेल आणि त्या कोपऱ्यातला खरा ताण हवा असेल, तर तिथल्या गोलाईची त्रिज्या मॉडेलमध्ये काढावीच लागते, मग एलिमेंट टेट असो वा हेक्स.