पित्ताची मळमळ वेगळी, केमोची मळमळ वेगळी

आमच्या आत्तीची कॅन्सरसाठीची पहिली केमो झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली, पिवळं कडू पाणी नुसतं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, पित्त पडलं. आजी तर म्हणाली, "पोरी, पित्त खवळलंय तुझं, जरा कोकम घे." मलाही तसंच वाटलं, कारण आदल्या रात्री पाहुण्यांसाठी तांबडा-पांढरा रस्सा केला होता आणि तिनं वाटीभर पांढरा घेतलेला, म्हणजे कारणही हातात होतं. मग अ‍ॅसिडिटीची गोळी, कोकम सरबत, मोरावळा सगळं झालं, आणि हॉस्पिटलनं घरी घ्यायला दिलेल्या उलटीच्या गोळ्या पाकिटात तशाच राहिल्या. केमोच्या दिवशी काहीच झालं नव्हतं ना, मग कशाला एवढ्या गोळ्या पोटात घालायच्या असा विचार. दोन दिवस ती कूस बदलायलाही तयार नव्हती. पुढच्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं तेव्हा कळलं की आम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं होतं. आपल्या भागात ही चूक घरोघरी होत असणार असं मला वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा पोटातलं आम्ल असतं. उपास, जागरण, लागोपाठ चहा, मिसळीचा झणझणीत कट, असलं काहीतरी मागं असतं. छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, घशाशी येतं, आणि उलटी झाली की बऱ्याच जणांना हलकं वाटतं. इथं आम्ल कमी करणारी गोळी काम करते कारण मूळ भानगड पोटातच आहे.

केमोचं तसं नाही. औषध शरीरात गेलं की लहान आतड्याच्या आतल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते तिथल्या नसेला चेतवतं आणि ती नस थेट मेंदूला कळवते की उलटी काढा. शिवाय मेंदूच्या खालच्या बाजूला एक छोटी जागा असते, तिचं कामच रक्तात काही विषारी आलंय का ते तपासायचं, तीपण केमोचं औषध ओळखते आणि घंटा वाजवते. म्हणजे हुकूम मेंदूतून येतो, पोट फक्त तो पाळतं. आता पोटातलं आम्ल कितीही कमी केलं तरी हा हुकूम थांबणार कसा? म्हणूनच आत्तीला उलटी झाल्यावरही बरं वाटत नव्हतं, उलटी होऊन गेली तरी मळमळ तशीच बसलेली.

आणि ते पिवळं पाणी! आम्ही त्यावरच फसलो. पोट रिकामं असताना उलट्या होत राहिल्या की पोटात काही उरत नाही, मग पुढच्या आतड्यातला यकृताचा पित्तरस वर येतो, तो पिवळा-हिरवा आणि कडू असतो. हे कुठल्याही कारणाच्या उलटीत होऊ शकतं, प्रवासाच्या उलटीतसुद्धा. म्हणजे पिवळं पडलं याचा अर्थ पोट रिकामं होतं एवढाच धरायचा, आजार पित्ताचा आहे असा नाही. ॲसिडिटीतलं आम्ल आणि हा यकृतातून येणारा कडू रस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण बोलताना दोन्हीला पित्तच म्हणतो आणि तिथंच गोंधळ होतो.

दुसरा गोंधळ तारखेचा. केमोची मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिली २४ तासांच्या आतली, ती थांबवायला केमोच्या आधीच सलाईनमधून औषध देतात, म्हणून त्या दिवशी माणूस टवटवीत वाटतो, घरी येऊन गप्पा मारतो, चहा पितो. दुसरी २४ तासांनंतर सुरू होते आणि पाच दिवसांपर्यंत राहू शकते, सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर जास्त असतो. या दुसऱ्या टप्प्यात सेरोटोनिनचा वाटा कमी आणि सबस्टन्स पी नावाच्या रसायनाचा जास्त, त्यामुळं औषधंही वेगळी लागतात. आता बघा, केमो सोमवारी, त्रास बुधवारी, मग माणूस सोमवारला दोष देतच नाही, मंगळवारी काय खाल्लं तेच आठवतो. आम्ही बिचाऱ्या पांढऱ्या रश्श्यावर खापर फोडलं.

म्हणून घरी दिलेल्या गोळ्या मळमळ यायच्या आधी, सांगितलेल्या वेळी घ्यायच्या असतात. पित्ताच्या गोळीची आपल्याला सवय असते की त्रास झाला की घ्यायची, तीच सवय इथं घात करते. ओन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनची वाट अडवतं. अ‍ॅप्रेपिटंट सबस्टन्स पीची वाट अडवतं, ते साधारण तीन दिवस देतात, पहिल्या दिवशी १२५ आणि नंतर दोन दिवस ८० मिलीग्रॅम, आणि त्यातली दुसरी-तिसरी कॅप्सूल घरी असते, ती "आता बरं आहे" म्हणून ठेवून दिली तर तिसऱ्या दिवशी काय होतं ते आम्ही बघितलंय. रात्रीची ओलान्झापिन असेल तर घाबरू नका. मोबाईलवर नाव टाकलं की मानसिक आजाराची गोळी असं येतं आणि घरचे लोक गुपचूप बंद करतात, पण ती कमी डोसात मळमळीवर लय चांगली चालते. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं २०२४ मध्ये दाखवून दिलं की २.५ मिलीग्रॅमची छोटी गोळी उलटी रोखण्यात १० मिलीग्रॅमपेक्षा कमी पडत नाही आणि दिवसा गुंगी मात्र कमी येते. आपल्याच लोकांवर झालेला अभ्यास आहे हा, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

सगळ्यांना त्रास सारखा नसतो हेपण लक्षात ठेवा, शेजारच्या काकांना काहीच झालं नाही म्हणून आपल्याला होणार नाही असं नसतं. आधी औषध दिलंच नाही तर सिस्प्लॅटिनमध्ये शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जणांना उलटी होते आणि विनक्रिस्टिन या केमोच्या दुसऱ्या औषधात दहापेक्षा कमी जणांना. बायकांना, तरुणांना, गरोदरपणात ज्यांना लय उलट्या झाल्या त्यांना आणि ज्यांना गाडी लागते त्यांना त्रास जास्त होतो. गगनबावड्याचा घाट उतरताना पिशवी हातात धरून बसणारा माणूस असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, ही फालतू माहिती नाही.

पण खरं पित्त केमोत होतच नाही असंही नाही हं. उलटीसाठी डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉईड देतात, त्यानं काहींना खरोखर छातीत जळजळ होते, झोप उडते, शुगर असेल तर ती वाढते. त्यासाठी डॉक्टर वेगळी गोळी देतात, आणि ही स्टेरॉईडची गोळी शक्यतो सकाळी काहीतरी खाऊन घ्यायची. आपल्या मनानं मात्र अ‍ॅसिडिटीची गोळी सुरू करायची नाही, एर्लोटिनिब किंवा डासाटिनिबसारख्या कॅन्सरच्या गोळ्या पोटातलं आम्ल कमी झालं की नीट शोषल्याच जात नाहीत. काढ्याचंही तेच, विचारून. आणि ओन्डान्सेट्रॉननं बद्धकोष्ठ होतं, तीन-चार दिवस पोट साफ झालं नाही की त्यानंच मळमळ वाढते आणि पुन्हा आपण म्हणतो पित्त.

खाण्याचा फरक इथं स्पष्ट दिसतो. पित्तात आपण तिखट-तेलकट टाळतो, केमोत वासच मुख्य शत्रू. आत्तीला आजरा घनसाळ तांदूळ शिजताना येणारा वास, जो एरवी घरभर आवडतो, तोच सहन होईना. आम्ही मग तिच्या खोलीचं दार लावून स्वयंपाक करायचो, चटणीसाठी मिरच्या भाजणं त्या आठवड्यात बंदच, आणि तिला सगळं गार करून द्यायचो, कारण गार पदार्थाला वास कमी. दहीभात, ज्वारीची आंबील, पेजेत चिमूटभर मीठ, दर दोन-अडीच तासांनी चार घास. आल्याचा तुकडा काहींना थोडा बरा वाटतो, पण गोळीच्या जागी नाही. आणि केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ देऊ नका, त्याची चव त्रासाशी जोडली जाते आणि नंतर नकोसा होतो.

तिसऱ्या वेळेपासून अजून एक सुरू झालं, हॉस्पिटलच्या पायऱ्या चढतानाच तिला मळमळायला लागलं, औषध अजून लागलंही नव्हतं. लोक म्हणतात मनाचे खेळ, पण मेंदूनं तिथला वास आणि मागचा त्रास जोडून ठेवलेला असतो, हीपण खरीच मळमळ आहे. डॉक्टरांना सांगितलं तर यावरही गोळी मिळते. तिच्यासाठी आम्ही ओढणीला लिंबाची साल चोळून ठेवायचो.

डॉक्टरांनी फोन कधी करायचा तेपण लिहून दिलं, तो कागद अजून फ्रिजवर आहे. २४ तास पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, उलटीत रक्त असेल, पोट फुगून शौच-वारा दोन्ही बंद असेल, सकाळी डोकं जोरात दुखून उलटी होत असेल तर. आणि ताप १०० पूर्णांक ४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजले असले तरी लगेच.