लघुवाद न्यायालयातून येणे वसूल करणे

उसने दिलेले पैसे, थकलेली उधारी किंवा केलेल्या कामाची न मिळालेली मजुरी अशा छोट्या रकमेसाठी धनकोने (ज्याचे येणे आहे त्याने) ऋणकोवर (ज्याचे देणे आहे त्याच्यावर) दाखल करावयाचा दिवाणी दावा. असे दावे थोड्या खर्चात आणि संक्षिप्त पद्धतीने निकाली निघावेत म्हणून ब्रिटिश अमदानीत लघुवाद न्यायालये निघाली. बोलताना त्यांना सर्रास ‘स्मॉल कॉज कोर्ट’ म्हणतात. मुंबईच्या न्यायालयाला १८८२ चा कायदा लागू आहे, तर पुण्यासारख्या ठिकाणी १८८७ चा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या लघुवाद न्यायालयात न्यायाधीश म्हणून काम केले होते.

ही न्यायालये येण्यापूर्वी मराठी मुलखात धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. तो स्वतः उपाशी राही आणि घरच्यांच्या तोंडचा घासही अडवी. कोर्टाने वसुली दारातून उचलून कागदावर नेली आणि कागद ज्याच्या हाती त्याचे फावले. समन्स हाती पडले तरी निरक्षर कुणबी तालुक्याच्या गावी जात नसे, मग एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यावेत असा कोर्टाचा निकाल, होई आणि जनावरे जप्त होत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो दख्खनमध्ये पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या दप्तरावर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता मुळात किती दिले आणि किती फिटले याचा हिशेब कोर्टाने तपासावा, असे त्याने सांगितले. वसुलीच्या कायद्यात धनकोबरोबर ऋणकोचेही संरक्षण का आहे, हे हा इतिहास माहीत असल्यावाचून कळत नाही.

दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना. हिंदू धर्मशास्त्रातून आलेल्या आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्य केलेल्या या नियमानुसार, मूळ ऋणको हिंदू असेल तर एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नाही. दावा दाखल झाला की हा नियम थांबतो. त्यानंतरचे व्याज कोर्ट ठरवते. हुकूमनाम्यानंतर ते साधारणतः द.सा.द.शे. ६ च्या आत असते, व्यापारी व्यवहारात अधिक देता येते.

आजची अडचण अधिकारक्षेत्राची आहे. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पैशाचा दावा फक्त १०,००० रुपयांपर्यंत चालतो, त्यावरचा दावा नगर दिवाणी न्यायालयात जातो. दहा हजारांत आज एखाद्या दुकानाची महिन्याची उधारीही बसत नाही. त्यामुळे धोबी तलावाजवळच्या या न्यायालयाचा बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, घरमालक आणि भाडेकरू यांच्या वादांनीच भरलेला असतो. ज्या गरजू माणसासाठी हे दार उघडले तोच बाहेर राहिला आहे. ही मर्यादा वाढायला हवी. इतर जिल्ह्यांत थोड्या रकमेचे दावे सहसा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जातात. प्रतिवादी जिथे राहतो किंवा जिथे व्यवहार झाला, तिथल्या कोर्टात दावा लावायचा असतो.

बहुतेक दावे न्यायाधीशासमोर उभे राहण्याआधीच हरलेले असतात, कागदामुळे किंवा मुदतीमुळे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशासाठी मुदत तीन वर्षांची. ‘मागाल तेव्हा परत देईन’ असे ठरले असेल तर मागितल्यापासून तीन वर्षे, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मुदत पैसे दिल्या दिवसापासून धावते. समजा १० जून २०२२ ला मित्राला ४०,००० रुपये हातउसने दिले, तर दावा १० जून २०२५ पर्यंत लागला पाहिजे. नात्याखातर गप्प बसलेला माणूस नेमका इथे बुडतो.

मुदत संपण्याआधी ऋणकोने ‘तुमचे चाळीस हजार देणे आहे’ असे लिहून सही केली, तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. हप्ता दिल्यानेही मुदत नव्याने सुरू होते, पण हप्ता दिल्याची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. एरवी पैसे घेणारा पावती देतो. इथे पैसे घेणाऱ्यानेच देणाऱ्याकडून ‘आज पाच हजार दिले, बाकी पस्तीस’ एवढी एक ओळ लिहून घ्यायची असते. मुदत उलटून गेली तरी ऋणकोने लेखी, सहीनिशी नवे वचन दिले तर करार कायद्याचे कलम २५ ते वचन बंधनकारक मानते. तोंडी वचनाला मात्र तिथे किंमत नाही.

वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट, हा सर्वांत सोपा पुरावा. तिच्यावर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून तिकिटावरून कागदावर उतरेल अशी आडवी सही घेतात. तिकीट लावायचे राहिले तर नुकसान भरून येत नाही. इतर पुष्कळ दस्तांचे कमी मुद्रांक शुल्क दंड भरून पुरे करता येते, वचनचिठ्ठीला ही सवलत नाही आणि कोर्ट ती पुराव्यात घेत नाही. बँकेतून पैसे पाठवले असतील तर खातेउतारा कामी येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘दिवाळीनंतर देतो’ हा निरोपही चालतो, पण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. स्क्रीनशॉट छापून नेला एवढ्याने भागत नाही.

खासगी व्यक्तीवर दावा करण्याआधी नोटीस देणे सक्तीचे नाही, तरी ती द्यावी. रक्कम, तारखा आणि देण्याची मुदत स्पष्ट लिहिलेली नोटीस व टपालाची पोचपावती पुढे उपयोगी पडते, आणि काही ऋणको तेवढ्यानेच पैसे आणून देतात. त्यानंतर वादपत्र (दाव्याचा अर्ज), कोर्ट फी, समन्स, प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर), साक्षी असा क्रम लागतो. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. १८८७ च्या कायद्याखालच्या लघुवादातही एकतर्फी हुकूमनामा रद्द करून हवा असेल, तर प्रतिवादीला आधी रक्कम भरावी लागते किंवा तारण द्यावे लागते.

दिलेला चेक वटला नाही तर फौजदारी तक्रारीची वाट खुली असते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर ऋणकोला १५ दिवस, आणि तेही उलटल्यावर एका महिन्यात तक्रार, असे हे वेळापत्रक आहे. पोलीस ठाण्यात मात्र नुसत्या उधारीची वसुली होत नाही. मुळात फसवणुकीचा हेतू असेल तरच तो गुन्हा ठरतो.

निकाल बाजूने लागला म्हणजे पैसे आले, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात अर्धे काम तिथून सुरू होते. ऋणकोने आपणहून रक्कम दिली नाही तर अंमलबजावणीसाठी दरखास्त करावी लागते. तिला १२ वर्षांची मुदत असते. कोर्ट स्वतः होऊन काही शोधत नाही. बँक खाते कुठे, गाडी कोणाच्या नावावर, पगार कुठून येतो हे दरखास्तदाराने सांगायचे. माहिती नसेल तर ऋणकोने आपली मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी, असा हुकूम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४१ खाली मागता येतो. हे फार थोडे लोक करतात. व्यवहार सुरू असतानाच समोरच्याच्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांक टिपून ठेवलेला असला तर दरखास्तीत त्याचे मोल कळते.

जप्तीतून काय वगळायचे हे त्याच संहितेचे कलम ६० सांगते. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व बियाणे, आणि धार्मिक रूढीनुसार जो दागिना स्त्री अंगावेगळा करू शकत नाही तो. मंगळसूत्राला बेलीफ, म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा कर्मचारी, हात लावू शकत नाही तो यामुळे. मजूर आणि घरगडी यांची मजुरीही सुटते. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. ऋणकोला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे, पण २,००० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी नाही आणि स्त्रीला तर कधीच नाही. तुरुंगातल्या त्याच्या जेवणाचा भत्ताही धनकोनेच भरायचा. नुसते पैसे नाहीत म्हणून कोणाला डांबता येणार नाही, ऐपत असून तो टाळतो हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

छोट्या रकमेला लोकअदालतीचा मार्ग अनेकदा जवळचा पडतो. तडजोड झाली तर निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावण्याआधीही प्रकरण तिथे नेता येते.

रक्कम कोर्टाबाहेर मिळाली तरी ती कोर्टाला कळवणे धनकोवर बंधनकारक आहे. ‘हुकूमनाम्याची रक्कम पोचली’ अशी सही केलेली पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेले लेखी निवेदन, दाखल झाली की दरखास्त निकाली निघते.