वहीत ११२, रिपोर्टमध्ये ८.२

सकाळी चहाच्या आधी बोट टोचायचं आणि आकडा वहीत उतरवायचा. मधुमेह असलेल्या कितीतरी घरांत हा नेम अंघोळ-पूजेइतका काटेकोर असतो. वहीतले आकडेही शहाण्यासारखे असतात : ११२, ११८, १०९, ११५. मग लॅबमधून ‘तीन महिन्यांच्या साखरे’चा रिपोर्ट येतो आणि त्यावर एचबीएवनसी (HbA1c) असतं ८.२ टक्के, म्हणजे चांगलंच जास्त. कोणी म्हणतं मशीन बिघडलंय, कोणी म्हणतं लॅबवाल्यांनी घोळ घातला. माझ्या मते अशा वेळी आधी वहीच नीट वाचायला हवी.

एचबीएवनसी मोजतं काय, ते आधी पाहू. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला रक्तातलं ग्लुकोज आपसूक चिकटत जातं, त्यासाठी कुठलंही एन्झाइम लागत नाही. साखर जितकी जास्त आणि जितका जास्त वेळ, तितकं चिकटणं जास्त. एकदा पक्की चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत सुटत नाही आणि तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. त्यामुळे तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करून हा आकडा फारसा हलत नाही. तिन्ही महिन्यांचं वजन मात्र सारखं नसतं. निम्म्याच्या आसपास वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच केलेल्या तपासणीत दिवाळी ठळक दिसते.

तेहरानमध्ये १९६८ साली सॅम्युएल रहबर हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार शोधत होते, तेव्हा मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना हे निराळं हिमोग्लोबिन आढळलं. त्याचं मोल पुरतं कळलं ते १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरच्या अभ्यासात एका गटाचं एचबीएवनसी ७ च्या आसपास ठेवलं होतं, दुसऱ्याचं ९ च्या. पहिल्या गटात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. डॉक्टर या एका आकड्यावर इतका भर का देतात, याचं उत्तर इथं आहे.

आता पुन्हा वहीकडे. एचबीएवनसीला २८.७ ने गुणून त्यातून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते. ८.२ चे होतात सुमारे १८९. म्हणजे दिवसरात्रीची सरासरी १८९ आणि वहीत ११२! मग उरलेली साखर होती कुठे? बहुधा दुपारी दोनला, भात-वरणानंतर. रात्री दहाला, उशिराच्या जेवणानंतर. त्या वेळी बोट कधी टोचलेलंच नसतं. वहीत फक्त सकाळ आहे आणि सकाळ हा अनेकांच्या दिवसातला सगळ्यांत सोज्वळ क्षण असतो.

उलटही घडतं. एचबीएवनसी ७ असलेल्या दोघांपैकी एकाची साखर दिवसभर १५४ च्या आगेमागे असते, दुसऱ्याची ६० पर्यंत घसरून २५० वर उसळते. सरासरी तीच येते. साखर घसरल्यानं पहाटे घाम फुटून, हात थरथरत उठणाऱ्याला रिपोर्ट ‘उत्तम’ म्हणेल. तो धोका बोटावरचा थेंबच दाखवतो, किंवा दंडावर चिकटवायचा सेन्सर.

आणि वही-रिपोर्ट न जुळण्याचं आणखी एक कारण असं आहे की ज्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया आहे, म्हणजे ही अडचण घरोघरची आहे. याउलट विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारात पेशी काही आठवड्यांतच मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. रक्त चढवल्यानंतरही तसंच. अशांसाठी फ्रुक्टोसामाइन ही तपासणी असते. ती रक्तातल्या प्रथिनांवरून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. रिपोर्ट दाखवताना हिमोग्लोबिनचा आकडाही डॉक्टरांपुढे ठेवा, एवढी माझी कळकळीची विनंती.

घरच्या घरी एचबीएवनसी मोजणारे किटही निघाले आहेत. बोटावरचा थेंब घेऊन काही मिनिटांत आकडा देतात. पण लॅबच्या तुलनेत अर्ध्या टक्क्याचा फरक पडू शकतो. ६.२ आणि ६.७ यांत अर्धाच टक्का आहे; मधुमेहाची रेघ ६.५ वर आहे. म्हणून मधुमेह आहे की नाही, हे लॅबमध्येच ठरवावं.

बोट टोचून साखर मोजायच्या साध्या ग्लुकोमीटरलाही थोडं चुकायची मुभा आहेच. १०० च्या वर खऱ्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून १४० आणि १५० यांतला फरक मनाला लावून घेऊ नये. हात मात्र साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटावरचा थेंब आंब्याचीही साखर मोजतो आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुरती जात नाही. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, पावसाळी दमट हवेत तर नक्कीच.

रोज सकाळीच टोचण्यापेक्षा त्याच पट्ट्या जोडीनं वापराव्यात : जेवणाआधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. वय झालेल्यांसाठी डॉक्टर ते सैल करतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किती वेळा तपासायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. आणि वहीत आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखा, ताटात काय होतं त्याचा. एका दिवशी ज्वारीची भाकरी आणि मेथी, दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. दोन्हींच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी लिहा.