प्लेट सेंटरला नाही, की दाते जुळत नाहीत?

इंजिन चेन पुलीला लटकलेलं, गिअरबॉक्स चॅसीवर आपल्या जागी, आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट. ती फट काही केल्या मिटत नाही. घरी जीप उघडून बसलेल्या कुणालाही ही संध्याकाळ ओळखीची असेल. अशा वेळी शेजारी उभा असलेला एक जण हमखास म्हणतो, "प्लेट सेंटरला नाही." दुसरा म्हणतो, "दाते बसत नाहीयेत." प्लेट म्हणजे क्लच प्लेट, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी गोल चकती; दाते म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे. दोघांना वाटतं, आपण एकच गोष्ट बोलतोय. पण हे दोन वेगळे अडथळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम बिघडतं.

उदाहरणाला महिंद्राची जुनी पेट्रोल सीजे-३बी घेऊ. विलिसच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेली, उंच बॉनेटची जीप. बॉनेट उंच, कारण आतलं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच; त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले होते. पुढची जाळी आणि रेडिएटर काढला की हे इंजिन पुढून बाहेर येतं, गिअरबॉक्स मागे तसाच राहतो. त्यामुळे परत चढवताना सगळी कसरत इंजिनाची.

गिअरबॉक्सच्या तोंडातून एक शाफ्ट पुढे आलेला असतो. त्याचं टोक बारीक आणि गुळगुळीत, त्यामागे उभे दाते. विलिसच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये हे दाते १० आहेत. इंजिन मागे सरकतं तसं आधी गुळगुळीत टोक क्लच प्लेटच्या हबमधून, म्हणजे मधल्या खाचांच्या भोकातून, आरपार जातं. मग शाफ्टचे दाते हबच्या खाचांना भिडतात. सगळ्यात शेवटी ते टोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या बाजूला ठोकलेल्या पितळी पायलट बुशमध्ये शिरतं; ही टोकाला आधार देणारी छोटी नळी. हा क्रम लक्षात असला की अर्धं निदान फटीकडे बघूनच होतं.

दाते जुळत नसतील तर इंजिन लवकर थांबतं, फट मोठी राहते, आणि थांबणं टणक लागतं, लोखंडावर लोखंड. इथे सेंटरिंगचा दोष नसतो, फक्त दात खाचेसमोर आलेला नसतो. १० दाते म्हणजे दर ३६ अंशांना नवी संधी. गिअर टाकायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे म्हणजे शाफ्ट फिरणार नाही, आणि इंजिनाच्या पुढे जिथे हँडल अडकतं तो नट मोठ्या पान्याने सावकाश फिरवायचा. स्पार्क प्लग आधी काढून ठेवले तर क्रँक हलका फिरतो. दुसऱ्याने इंजिन मागे हलकंच रेटत राहायचं. दात सापडला की इंजिन एकदम थोडं आत जातं, हाताला कळतं.

प्लेट सेंटरला नसेल तर मात्र कितीही फिरवा, व्यर्थ. प्लेट फार घसरलेली असेल तर टोक हबच्या कडेलाच आपटतं. पण जास्त फसवणारी असते ती दोन-तीन मिलिमीटर घसरलेली प्लेट. शाफ्ट वाकडातिकडा होत दात्यांत शिरतो, माणूस खूश होतो, आणि टोक बुशच्या काठावर जाऊन अडतं. उरते ती ही बोटभर फट. प्रेशर प्लेटने क्लच प्लेट घट्ट दाबून धरलेली असते, ती आपोआप सरकणार नाही.

काही मिस्त्री इथे क्लचचा काटा हाताने दाबायला लावतात. काट्याने ढकललं जाणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरपर्यंत, म्हणजे तिचा दाब सोडवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत, पोचलेलं असेल, तर प्लेट सुटते आणि शाफ्टबरोबर स्वतःच मध्यावर येते. युक्ती खरी आहे, पण शाफ्ट हबमध्ये शिरलेला असेल तरच. नाहीतर सुटलेली प्लेट खाली पडते, आणि होतं ते सेंटरिंगही जातं. मग इंजिन पुन्हा पुढे ओढा, प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट सैल करा, डमी शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणा. डमी म्हणून जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट सगळ्यात चांगला. प्लास्टिकची दांडी मिळते, तीही चालते. मी एकदा नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर भरवसा ठेवला होता, आणि त्या रविवारी इंजिन तीनदा वर-खाली केलं.

फट वर कमी आणि खाली जास्त, किंवा उलट दिसत असेल, तर वरची दोन्ही भांडणं बाजूला ठेवा. तो तिसराच प्रकार: इंजिनाचा कोन चुकलाय. गिअरबॉक्सखाली जॅक लावा, चेन कमी-जास्त करा. यात फार डोकं लागत नाही.

डोकं लागतं ते हात आवरायला. कंटाळलेला माणूस लांब बोल्ट घालून फट 'ओढून' घेतो. कुठल्याही कारणाने अडलेलं असो, बोल्टने ओढलं की हब वाकतो, बुश चेपतं, ॲल्युमिनियमचं बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं घंटेसारखं कवच) असलेल्या गाड्यांत तर त्याचा कान तुटतो. गाडी चालू होते, पण क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरतो, आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. तसंच शाफ्ट अर्धा आत असताना चहाला जायचं असेल तर चेन सैल सोडू नका. इंजिनाचं सगळं वजन त्या हबवर येतं.

पुढच्या वेळी मी दोन लांब बोल्टांची डोकी कापून घेतली आणि ते बेल हाउसिंगच्या वरच्या भोकांत दांड्यांसारखे बसवले. इंजिन त्यांच्यावरून सरळ सरकतं, कोनाचा प्रश्न मिटतो. दात्यांसाठी पाना तरीही दोनदा फिरवावा लागला. मग खट् आवाज आला, फट गेली, आणि खालचे बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत गेले.